शुक्रवारी माग बंद असतात

भिवंडीत शुक्रवारी माग बंद असतात. बाहेरच्या माणसाला यात भिण्यासारखं काही दिसायचं नाही. सुट्टीचा दिवस. पोरं गल्लीत क्रिकेट खेळतात, बायका गोधड्या धुऊन कठड्यावर टाकतात, इस्त्रीचे कपडे घालून माणसं नमाजाला निघतात. मला मात्र गुरुवारी दिवेलागणीपासूनच त्याची धास्ती लागायची. शुक्रवारी सकाळी रातपाळी सुटली की माग थांबतात, माग थांबले की गल्ली गप्प होते, आणि गल्ली गप्प झाली की मला माझं काळीज ऐकू येतं.

आमची खोली यंत्रमागाच्या कारखान्याला लागूनच आहे. मधे एक भिंत. एरवी ती भिंत दिवसरात्र थरथरत असते. मांडणीवरची भांडी वाजतात, पेल्यातलं पाणी हलतं. गावाकडचा पाहुणा आला तर एका मुक्कामात पळून जातो. म्हणतो, तुम्ही झोपता कसे इथं? मी इतकी वर्षं, आधीच्या खोलीतही, पाळण्यातल्या लेकरासारखा झोपलो असल्याच आवाजात. आजारपणानंतर तर तो आवाज मला औषधासारखा झाला. तो चालू असेपर्यंत छातीत काय चाललंय ते कळायचं नाही, आणि कळलं नाही की बरं वाटायचं.

मी हिंगोलीकडचा. सातवीत शाळा सुटली. घरात कमावता हात कमी पडत होता, आणि आमच्या गावचा एक माणूस इकडे मागावर होता, त्याच्यामागं आलो. आधी कांड्या भरल्या, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर सूत गुंडाळलं, मग माग शिकलो. शिकवणारा म्हातारा कारीगर उत्तरेकडचा होता. त्याने पहिल्याच दिवशी माझा कान धरला. चूक केली म्हणून नव्हे, दाखवायला. म्हणाला, "बेटा, आँख बाद में, कान पहले. आवाज़ बदला, तो हँडल मारो. फिर देखो."

तेच खरं शिक्षण. एका कारीगराकडे बरेच माग असतात, सगळ्यांकडे एकदम बघता येत नाही. एकाकडे तोंड असतं तेव्हा बाकीच्यांकडे पाठ असते. पण पाठीमागच्या मागावर सुताची तार तुटली, धोटा अडखळला, कांडी संपत आली, तर आवाजात फरक पडतो. एवढ्या कल्लोळात तो फरक कारीगराला बरोबर कळतो. कळला की विचार करायचा नाही. आधी माग थांबवायचा. थांबवायला उशीर केला की कापडात दोष पडतो. हे माझ्या हाडात इतकं भिनलं होतं की गावी गेल्यावर पिठाच्या गिरणीचा पट्टा घसरला तरी माझा हात हँडल शोधायचा.

ज्या दिवशी दुखणं आलं, त्या दिवशीही हातानं तेच केलं.

दुपारची वेळ होती. आधी जबडा दुखायला लागला. मला वाटलं दाढ. मग डावा हात जड झाला, कापडाचा तागा खांद्यावर घेतल्यासारखा, आणि अंगातून घाम असा फुटला की बनियन पिळावं. कारखान्यात ओरडून उपयोग नसतो. तिथं सगळं हातानं बोलायचं. अंगठा तोंडाकडे नेला की पाणी. दोन बोटं ओठांवर ठेवली की बिडी. तळहात छातीवर ठेवला की "माझे माग बघ, मी आलोच." आता छातीत दुखतंय हे छातीवर हात न ठेवता सांगायचं कसं? मी शेजारच्या मागांवरच्या भाईला हात छातीवर ठेवून दाखवला. तो हसला, मान हलवली, आणि आपल्या पोटाकडे बोट करून डोळा मारला. म्हणजे, जा बाबा, घाई लागलेली दिसते.

पुढे त्याला काही सांगायचं बळ नव्हतं. मी माझ्या मागांकडे वळलो आणि एकेक हँडल ओढत गेलो. कापड खराब होऊ नये, एवढंच डोक्यात होतं. शेवटचा माग थांबला तसा आमचा कोपरा गप्प झाला, आणि त्या गप्पपणानं भाई वळून पळत आला. चहाला, संडासला जाणारा कारीगर माग बंद करून जात नाही, शेजाऱ्याच्या भरवशावर चालू ठेवून जातो. सगळेच्या सगळे बंद केले म्हणजे काहीतरी भलतं झालंय, हे त्याला कळलं. मी तोवर खाली बसलो होतो.

कारखान्याच्या सेठनं स्वतःच्या गाडीत घातलं. भाईनं माझं डोकं मांडीवर घेतलं आणि ठाण्यापर्यंत एकच गोष्ट बोलत राहिला, "चचा, आँख मत बंद करना. चचा, गाली दो मुझे, पर आँख मत बंद करना." सेठ पुढून हॉर्नवरचा हात काढत नव्हता. या दोघांचे उपकार मी कुठं फेडणार? सेठला मी हे एकदा बोलून दाखवलं तर तो चिडला. म्हणाला, "उपकार-बिपकार सोड. गाडीतली सीट तुझ्या घामानं अजून वास मारते."

दवाखान्यात हृदयाच्या नळीत जाळी बसवली. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. हे दोन शब्द मी गाठीला बांधले. माझ्या मनानं त्याचा अर्थ असा लावला की मी वेळेत थांबलो म्हणून वाचलो. माग थांबवले, खाली बसलो, म्हणून जिवंत आहे. इथून पुढं सगळं बिघडत गेलं.

बायको गावाहून आली. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण आमचा संसार पावसाळ्यातल्या सुट्टीपुरता आणि फोनवरचा. ती गावी, मी इथं भिशीत, म्हणजे कामगारांच्या खानावळीत, जेवणारा, चार गाववाल्यांबरोबर खोलीत राहणारा. आता तिनं गावच्या घराला कुलूप लावलं आणि माझ्या उशाशी येऊन बसली. खोली नवीन घेतली, ती कारखान्याला लागून असलेली. घरमालकीण वरच्या मजल्यावर राहते. इथल्या जुन्या कोकणी मुसलमान घरातली म्हातारी, आम्ही सगळे तिला खाला म्हणतो. तिची छाती कधीच्या काळी उघडून शिवलेली आहे. बायपास. त्यामुळं तिनं मला भाडेकरू म्हणून नाही, छातीच्या दुखण्यातला आपल्या जातीचा माणूस म्हणून ठेवून घेतलं. पहिल्याच दिवशी दारात उभी राहून म्हणाली, "काय रे, तुला जाळी का? माझ्या तर पायाची नस काढून छातीत लावली. आता छातीत पाय हाय माझ्या. कुणी नडलं तर छातीनं लाथ मारते."

बायको तोंडाला पदर लावून हसली. मला हसू आलं नाही. मी तेव्हा आतून आवाज ऐकत होतो.

मी चोवीस तास तेच करायचो. चालताना, जेवताना, बोलताना. मनगटावर बोटं ठेवलेली असायची. ठोका, ठोका, ठोका, आणि मधेच एक गचका. तार तुटली की धोटा जसा क्षणभर अडकतो तसा. झालं. मी आहे तिथं बसायचो. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. मी गल्लीच्या तोंडापर्यंत जायचो, तेवढ्यात एखादा गचका यायचा आणि मी रस्त्यात उकिडवा. एकदा भाजीवालीच्या पाटीपाशीच बसलो. ती म्हणाली, "काका, घ्यायचं नसलं तर बसू नका, गिऱ्हाईक बुजतं." एकदा मशिदीच्या पायरीवर बसलो, तर तिथल्या एकानं पाणी आणून दिलं आणि माझ्याबरोबर बराच वेळ बसून राहिला. काही विचारलं नाही त्यानं. लोक चांगले होते. मीच त्यांच्यात आजारी म्हणून वावरत होतो.

मग मी चालणं सोडलं. जिना सोडला. आंघोळीची बादली बायको उचलायची. वाकून चप्पल घालायचीसुद्धा भीती. जेवढा थांबलो, तेवढी धाप वाढली. धाप वाढली म्हणून आणखी थांबलो. मला वाटायचं जाळी बुजत चाललीय.

आणि बायकोला मी दाराबाहेर जाऊ देत नव्हतो. ती दळण घेऊन गेली तरी मी दारात. शुक्रवारी तर नाहीच नाही. शुक्रवारी तिनं माझ्याजवळ बसायचं, बोलत राहायचं. काहीही बोल म्हणायचो, पण बोल. ती बिचारी गावाकडच्या गोष्टी काढायची, कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या सुनेनं वेगळी चूल मांडली. गोष्टी संपल्या की मी तिला छातीला कान लावायला सांगायचो.

"बरोबर चाललंय का बघ."

ती कान लावायची. "आवं, मला काय कळतंय त्यातलं? गुरगुर ऐकू येतंय."

"ते पोट आहे. वर ऐक."

"वर बी पोटच ऐकू येतंय. भूक लागलीय तुमाला. उठा, जेवा."

तिला हसवायचं असायचं. माझा हात तिच्या मनगटावर इतका घट्ट असायचा की नंतर तिथं वळ दिसायचा.

अशात लेकीचा फोन आला. आमची एकच लेक, गावाजवळच दिलेली. पहिलटकरीण होती, दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. लेकीनं माहेरच्या घरात यायचं आणि आईनं तिचं करायचं. इथं माहेरच्या घराला कुलूप होतं आणि आई भिवंडीत माझ्या छातीला कान लावून बसली होती. लेकीला इकडे आणावं तर तिच्या डॉक्टरनं एवढ्या लांबचा प्रवास नको सांगितलं. मी जावं, तर रात्रभराची बस. घाटात गचका आला तर बस कोण थांबवणार?

बायको म्हणाली, "मी जाऊन येते."

मी म्हणालो, "सासरचे करतील की."

ती तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "मपल्या बाळंतपणाच्या टायमाला मायनं नदीचा पूर ओलांडला होता. कामून? सासरचे नव्हते का?"

दोन दिवसांनी लेकीनंच परत फोन केला. मला म्हणाली, "बाबा, आईला पाठवू नका. माझं इथं होईल. तुमी जपा." आवाज असा सरळ काढला होता, की तो सरळ ठेवायला तिला किती जोर लागतोय ते मला कळलं. कान आमचा धंदाच. फोन ठेवल्यावर मी बायकोकडे बघितलं नाही. पण तरीही "जा" म्हणवलं नाही माझ्याकडून. भीती तोंडावर हात ठेवून बसली होती.

त्याच आठवड्यात तपासणी होती. पट्ट्यावर चालायची. छातीला वायरी चिकटवतात आणि पायाखालचा पट्टा सरकायला लागतो, आपण जागच्या जागी चालत राहायचं. पट्टा हळूहळू जोर धरतो. तिथली मुलगी म्हणाली, "काका, त्रास झाला तर सांगा हं." मी चालायला लागलो. मशीनवर माझ्या ठोक्याचा आवाज येत होता, टीक टीक टीक. मोठ्यानं. शुक्रवारच्यापेक्षा मोठ्यानं. पट्टा वाढला तसा तो भरभर व्हायला लागला आणि मग मधेच एक टीक चुकली.

समोर लाल बटण होतं. माझा हात कधी गेला मला कळलं नाही. पट्टा थांबला, मी दांड्याला धरून खाली बसलो.

"अहो काका! कशाला थांबवलं?"

"आवाज बदलला."

"बदलणारच! तुम्ही चालताय ना!"

डॉक्टरीणबाई आतून आल्या. वयानं माझ्या लेकीएवढ्या. त्यांनी कागदावरची नागमोडी रेघ बघितली आणि माझ्यासमोर स्टूल घेऊन बसल्या. रागावल्या नाहीत. विचारलं, काम काय करता. मी मागाचं सांगितलं, आवाजाचं सांगितलं, हँडलचं सांगितलं. सांगता सांगता रडायलाच लागलो. इतक्या दिवसांत मला कुणी हे विचारलं नव्हतं आणि मीही कुणाला सांगितलं नव्हतं. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "एखादा ठोका माझाही चुकतो, या मुलीचाही चुकतो. आमचं लक्ष नसतं, एवढंच. तुमच्या हृदयाचं काम आता चांगलं चाललंय. धाप लागते ती पाय बसून राहिल्यामुळं. छाती दाबल्यासारखी दुखली, हात-जबडा भरून आला, दरदरून घाम फुटला, तर थांबा, जिभेखाली गोळी ठेवा आणि लगेच या. पण नुसता आवाज बदलला म्हणून थांबू नका." आणि म्हणाल्या, "भीतीवर पण इलाज असतो. त्याच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी देते. लाजू नका."

मी पुन्हा पट्ट्यावर चढलो. त्या शेजारी उभ्या राहिल्या. टीक चुकली की माझा हात बटणाकडे जायचा आणि त्या नुसतं "चला" म्हणायच्या. तपासणी पुरी झाली. मी अजून उभा होतो.

घरी आलो आणि चप्पल काढायच्या आत बायकोला म्हणालो, "जा. लेकीकडं जा." उशीर केला असता तर परत जमलं नसतं.

ती बुधवारी गेली. जाताना खालाच्या पाया पडायला गेली तर खालानं तिला उभं केलं, म्हणाली, "तू जा. हा मेला तर फोन करते." बायको घाबरून माझ्याकडे बघायला लागली. खाला म्हणाली, "अगो, नाय मरत. असले कण्हणारे लय जगतात."

गुरुवार गेला. भिंत थरथरत होती, मीही होतो. शुक्रवारी सकाळी माग थांबले.

त्या दिवसाची भीती मला नीट सांगता येईल असं वाटत नाही. खोलीत मी, आणि छातीतला तो ठोका. पांघरूण ओढून पडलो, तर तो उशीतून ऐकू यायला लागला. उठून बसलो, तर कानात. गोळी खिशात आहे ना ते चाचपलं. परत चाचपलं. दुखत होतं का? नाही. हात भरला होता का? नाही. घाम होता, पण तो उकाड्याचा की कसला? मी एकेक विचारत होतो स्वतःला, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसं, आणि उत्तरावर विश्वास बसत नव्हता. दुपारी नमाजाची माणसं परत आली, मग गल्ली आणखी शांत झाली. तेवढ्यात गचका आला. लगोलग दुसरा. माझे गुडघे आपोआप वाकायला लागले.

मी बसलो नाही. भिंतीला धरलं. भिंत थंडगार होती, मेल्यासारखी. मग मी दार उघडून बाहेर आलो आणि जिन्याचा कठडा धरला. ज्या जिन्याला मी कित्येक दिवसांत पाय लावला नव्हता तो. का चढलो? धैर्य वगैरे काही नव्हतं. एकट्यानं मरण्यापेक्षा खालाच्या दारात मरावं, एवढाच हिशोब. प्रत्येक पायरीवर ठोका जोरानं आदळत होता. अर्ध्यावर थांबलो. माग शिकवणारा म्हातारा कानात बोलला, आवाज़ बदला, हँडल मारो. आणि त्या बाईंचं "चला" पण आलं. मी चढलो.

दार उघडंच होतं. खाला जमिनीवर बसून तांदळाच्या पिठाची भाकरी थापत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "इतका धापतोस कशाला?"

"जिना चढलो."

"मग धाप लागणारच. मला काय, चढल्यावर गाणं सुचतं होय?"

मी विचारलं, "खाला, तुमची भीती कधी गेली?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली. "गेली कुठं? ही काय, हाय इथंच. सकाळी उठते माझ्याबरोबर. आधी मी तिच्यासाठी निजून राहायची. मग भाकऱ्या कोण करणार? आता ती बसते तिथं कोपऱ्यात, मी करते माझ्या भाकऱ्या." मग माझ्याकडे नीट बघितलं. "खोटं सांगत नाय. कधी कधी ती उठून येते. मग मी पण रडते. बस. खा."

मी कोपऱ्यात बसलो. खाल्लं. ठोके आपोआप खाली आले. कधी आले ते मला कळलं नाही, कारण खाला तिच्या जावेची उणीदुणी काढत होती आणि मी ऐकत होतो.

उन्हं उतरताना फोन वाजला. बायको. मागं दवाखान्याचा गोंगाट. "लेकीला पहाटेपासून कळा येतायत. आता आत घेतलंय. तुमी कसे हायत?"

"बरा आहे."

"खरं सांगा."

"खालाकडे आहे. जिना चढून आलो."

पलीकडून तिचा दाबलेला हुंदका आला, आणि "ठेवते" म्हणाली.

मला बसवेना. मी खालाच्या गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारायला लागलो. काळीज असं धावत होतं की शर्ट हलताना दिसावा. गचके येत होते, जात होते. बोटं मनगटाकडे जात होती, मी ती फोनवर ठेवत होतो. खाली पोरांनी चेंडू हरवला म्हणून भांडण मांडलं होतं. भाई गल्लीतून चालला होता, त्यानं वर बघितलं, मला चालताना बघून थबकला आणि तळहात छातीवर ठेवून मान वर उडवली. ठीक आहेस ना? मी हात हलवला.

"बस की आता," खाला आतून ओरडली. "तुझ्या पायानं माझी लादी झिजली."

मी म्हणालो, "फोन येऊ दे, मग बसतो."

माझी भीती अजून आहे, आणि शुक्रवारही येतातच. पण त्या दिवशी मी पहिल्यांदा माझ्यासाठी भीत नव्हतो. अंधार पडायच्या आत फोन आला. बायकोला बोलता येईना, तिनं फोन नुसता पुढं धरला. पलीकडून आधी गोंगाट, मग कुणीतरी "शू" म्हणालं, आणि मग एवढ्याशा गळ्याचं रडणं. मी फोन कानावर दाबून ते ऐकलं. ते मधेच थांबलं. मग परत सुरू झालं, आधीपेक्षा मोठ्यानं.

खालानं पिठाचे हात पुसत विचारलं, "काय रे? काय झालं?"

"नात," मी म्हणालो, आणि मग तिथंच, गॅलरीत, खाली बसलो.